उणिवेचा मुलूख

आल्प्स पर्वताच्या कुशीत ऱ्होन नदीने कोरून काढलेले व्हॅलेचे लांबट, खोल आणि दोन्ही अंगांनी हिमशिखरांनी आवळलेले खोरे ओलांडून इटलीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी सोळाव्या शतकापासून जी टिपणे लिहून ठेवली आहेत, त्यांत द्राक्षांचे मळे, लाकडी घरे आणि हिमनद्या यांच्या रसभरित वर्णनाला लागूनच मन उदास करणारे एक वर्णन हटकून येते. घराच्या उंबऱ्यापाशी उन्हात बसवून ठेवलेली, वयाने प्रौढ असूनही लहान मुलाएवढीच उंची राहिलेली, जीभ जाड झाल्यामुळे ज्यांना ओठ मिटता येत नाहीत, बहुधा बहिरी आणि मुकी, आणि पुष्कळदा गळ्याशी गाठ लोंबत असलेली माणसे ह्या प्रवाशांना गावोगाव दिसत. बासेलचा वैद्य फेलिक्स प्लाटर याने १६०२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्हॅलेतील अशा मुलांचे वर्णन केले आहे. आणि त्याच्याही आधी पॅरासेल्ससने गळ्याची गाठ असलेल्या आईबापांच्या पोटी अशी मुले जन्मतात हे हेरून दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला होता. पुढे युरोपात ह्या माणसांना सरसकट 'क्रेटिन' म्हणू लागले.

जन्मतःच थायरॉइड ग्रंथीचा, म्हणजे आपल्या वैद्यकीय परिभाषेतील अवटु ग्रंथीचा, स्राव अपुरा पडल्यामुळे देहाची आणि बुद्धीची वाढ खुंटणे, एवढ्या एका वाक्यात आज ह्या दुःखाचे निदान सांगता येते. परंतु ते वाक्य हाती येईपर्यंत जी तीन शतके गेली, त्यांत ह्या खोऱ्यांतील कुटुंबांनी मुलाच्या व्यंगाबरोबर त्याचा दोषही आपल्या माथी वाहिला. जवळच्या नात्यात लग्ने होतात म्हणून, बाप मद्य पितो म्हणून, आई आळशी आणि घर अस्वच्छ म्हणून, किंवा पूर्वजांच्या पापामुळे असे घडते, अशी कारणे पंडितांनी आणि धर्मोपदेशकांनी सारख्याच आत्मविश्वासाने सांगितली. वास्तविक उणीव त्या मुलखाच्या मातीत होती. आणि त्याच मातीतील चारा खाणारी जनावरेही तिच्यातून सुटली नव्हती. माणसाचे आणि जनावराचे हे दुःख एकच आहे, हे ज्या दिवशी नीट ओळखले गेले त्या दिवसापासूनच ह्या इतिहासाला उजेडाची दिशा लाभली, असे माझे मत आहे.

कारणांच्या शोधाचा आरंभ मात्र चुकीच्या वाटांनीच झाला. वितळलेल्या बर्फाचे पाणी, चुनखडीचे पाणी, दलदलीची हवा, सूर्यप्रकाशाचा अभाव, असे एकामागून एक तर्क पुढे आले. जिनिव्हाचा विद्वान होरेस बेनेडिक्ट द सोस्यूर हा आल्प्सचा खराखुरा अभ्यासक. त्याने पाहिले की ऑस्टाच्या खोऱ्यात तळच्या गावांमध्ये अशी माणसे पुष्कळ असतात, परंतु उंचावरच्या वस्त्यांत ती दिसेनाशी होतात. आणि उंचावरचे लोक तर बर्फाच्या उगमाशीच राहत असल्यामुळे बर्फाच्या पाण्याचा सिद्धान्त टिकत नाही, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. त्याच्या जागी त्याने खोऱ्यात कोंडलेल्या उष्ण हवेला दोष दिला, तो मात्र पुढे टिकला नाही. नेपोलियनच्या अमलात व्हॅलेत ह्या माणसांची खानेसुमारी झाली, तेव्हा सुमारे ७०,००० वस्तीत हजारो क्रेटिन नोंदले गेले. सार्डिनियाच्या राजाने नेमलेल्या आयोगाने १८४८ साली सादर केलेल्या विस्तृत अहवालात पूर्ण, अर्धे आणि किंचित अशा तीन प्रतींत ह्या माणसांची विभागणी केली. सरकारी दफ्तरात माणसांची प्रतवारी झाली. उपाय मात्र त्या दफ्तरात नव्हता.

ह्या दफ्तरी उदासीनतेच्या काळातच योहान याकोब गुगेनब्यूल हा तरुण स्विस वैद्य पुढे आला. १८३६ साली ऊरी परगण्यातील एका खेड्यात रस्त्याकडेच्या क्रुसापुढे एक वृद्ध क्रेटिन अडखळत प्रार्थना म्हणताना त्याने पाहिला. ज्याला लहानपणी शिकवलेली प्रार्थना म्हातारपणीही आठवते त्याची बुद्धी अगदीच मृत कशी म्हणावी, हा प्रश्न त्याच्या मनाला लागून राहिला, आणि १८४१ साली त्याने इंटरलाकेनजवळच्या आबेन्डबेर्ग ह्या डोंगरावर अशा मुलांसाठी आश्रम काढला. स्वच्छ उंच हवा, दूध आणि सकस अन्न, स्नान, मर्दन, व्यायाम, मग इंद्रियांना वळण लावणारे शिक्षण, असा तेथील क्रम होता. युरोपभरातून राजेरजवाडे, वैद्य आणि परोपकारी मंडळी ते पाहावयास डोंगर चढून येऊ लागली, आणि त्या धर्तीवर अन्य देशांत संस्थाही निघाल्या. पुढे आश्रम बरा करू शकत नाही ते बरे करतो असे सांगतो, असा आरोप झाला. चौकशीत व्यवस्थेची दुर्दशा उघड झाली, आश्रम बंद पडला आणि १८६३ साली गुगेनब्यूल निराश अवस्थेत वारला. त्याच्या दाव्यांतील अतिशयोक्ती खरी होती. पण त्याच्या हातात ज्या औषधाची उणीव होती ते त्या वेळी जगातल्या कोणाच्याच हातात नव्हते, हे विसरून त्याला केवळ भोंदू ठरवणे मला अन्याय्य वाटते. अशा मुलांना शिकवले पाहिजे, ही गोष्ट त्याच्या आधी फारशी कोणी गंभीरपणे मनावर घेतली नव्हती.

इकडे लंडनमध्ये, जेथे ना हिमनदी ना कोंडलेले खोरे, थॉमस कर्लिंग ह्या शल्यवैद्याने १८५० साली दोन मुलींच्या शवांची तपासणी प्रसिद्ध केली. दोघी सर्व लक्षणांनी आल्प्समधील क्रेटिनांसारख्याच. परंतु गळ्याला गाठ असण्याऐवजी त्यांच्या गळ्यात थायरॉइड ग्रंथीच नव्हती. गाठ असलेल्यांचा आणि ग्रंथीच नसलेल्यांचा रोग एकच कसा, हे कोडे त्यानंतर तीस वर्षे वैद्यांना पडले होते, आणि ते सुटले तेही मोठ्या दुःखद मार्गाने. बर्नचा शल्यवैद्य थिओडोर कोखर हा गळ्याच्या गाठी कापून काढण्यात इतका निष्णात की त्या कामासाठी १९०९ सालचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. १८७४ साली त्याने अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली होती. पुढे तिच्या वैद्याने कळवले की मुलगी मंद आणि सुस्त झाली आहे. तिला परत बोलावून पाहिले तेव्हा धाकटी बहीण उंचीने तिच्यापुढे गेलेली होती आणि ती स्वतः क्रेटिनासारखी दिसत होती. कोखरने मग आपल्या जुन्या रोग्यांना शोधून शोधून बोलावले आणि ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती त्यांतील बहुतेकांत तीच अवनती त्याला आढळली. १८८३ साली त्याने हे सारे न लपवता जगापुढे मांडले आणि संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. शस्त्रक्रियेच्या इतिहासात एवढ्या निखळ प्रामाणिकपणाने लिहिलेली कैफियत विरळाच.

ग्रंथीचा स्राव शरीराला अत्यावश्यक आहे हे एकदा कळल्यावर तो बाहेरून देता येईल का, असा विचार सुचणे ओघानेच आले. आणि येथे जनावराने माणसाला प्रथम हात दिला. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे ह्या तरुण वैद्याने १८९१ साली मेंढीच्या थायरॉइडचा ग्लिसरिनमधील अर्क काढून, ग्रंथी निकामी झाल्यामुळे सुजलेल्या, मंदावलेल्या एका ४६ वर्षांच्या स्त्रीला टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिला लागलेल्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या, असा हिशेब मरेनेच पुढे दिला आहे. लौकरच ही ग्रंथी पोटात घेऊनही गुण येतो हे कळले, आणि जन्मतः उणीव असलेल्या मुलांना ती देऊन काही महिन्यांत त्यांचे रूप पालटल्याची छायाचित्रे वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. देह वाढे, केस मऊ होत, त्वचेचा कोरडेपणा जाई. परंतु बुद्धी त्या मानाने परत येत नसे, आणि उपचार जितका उशिरा तितकी ती कमी येते, हेही पाहणाऱ्यांच्या ध्यानी आले. ह्या एका निरीक्षणाला व्यवहारात उतरवण्यास वैद्यकाला आणखी ऐंशी वर्षे लागली.

आयोडीनची कथा ह्याहून जुनी आहे, आणि वैद्यकाच्या इतिहासातील सर्वांत उद्वेगजनक कथांपैकी ती एक आहे, कारण योग्य उत्तर तीन वेळा हाती येऊन तीन वेळा नाकारले गेले. नेपोलियनच्या फौजांना लागणाऱ्या बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करताना बर्नार कुर्त्वाला १८११ साली समुद्री शेवाळाच्या राखेत हे जांभळ्या वाफेचे द्रव्य सापडले. जळलेल्या स्पंजाची राख गळ्याच्या गाठीवर परंपरेने दिली जात असे. तेव्हा त्या राखेतील गुण ह्याच द्रव्याचा असावा असा तर्क करून जिनिव्हाच्या क्वांदेने १८२० साली आयोडीन गाठीवर दिले. गाठी उतरल्या, पण लोकांनी वैद्याला न विचारता भरमसाट मात्रा घेतल्या, विषबाधा झाल्या आणि औषध बदनाम झाले. त्यानंतर बूसँगो हा फ्रेंच रसायनज्ञ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात राहून आला. तेथील लोक कोणत्या खाणीचे मीठ खाल्ल्याने गाठ होत नाही हे स्वानुभवाने जाणत होते. त्या मिठाचे पृथक्करण केल्यावर त्यात आयोडीन निघाले, आणि १८३० नंतरच्या काळात त्याने आयोडीनयुक्त मीठ सर्वांना द्यावे अशी सूचना छापून ठेवली. शातँने १८५० च्या सुमारास फ्रान्समधील पाणी, माती आणि हवा तपासून, जेथे आयोडीन कमी तेथे गाठी आणि क्रेटिन अधिक, हे दाखवले. पॅरिसच्या विद्वत्सभेला एवढ्या सूक्ष्म मात्रेचा एवढा परिणाम संभवतच नाही असे वाटले आणि प्रकरण मिटले. खरोखर ह्या मात्रेची सूक्ष्मता मनाला चक्रावून टाकणारी आहे: प्रौढ माणसाला दिवसाला केवळ १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, म्हणजे सत्तर वर्षांच्या आयुष्यात एक चमचाभरही लागत नाही. १८९५ साली बाउमानला थायरॉइड ग्रंथीतच आयोडीन सापडले, तेव्हा कोठे ग्रंथीचा धागा आणि आयोडीनचा धागा एकमेकांत गुंफला गेला.

हा संबंध सिद्ध करण्याच्या कामी ज्यांची साक्ष निर्णायक ठरली ती माणसे नव्हेत, मासे आणि डुकरे. पेनसिल्वेनियात कृत्रिम तळ्यांत वाढवलेल्या ट्राउट माशांच्या गळ्याखाली गाठी येत आणि कित्येक तज्ज्ञ त्यांना कर्करोग समजत. डेव्हिड मरीनने १९१० च्या सुमारास दाखवून दिले की ती केवळ वाढलेली थायरॉइड आहे. पाण्यात थोडे आयोडीन घातले किंवा खाद्य म्हणून समुद्रातील मासे दिले की ती गाठ उतरते. ह्याच सुमारास गुडरनाचने बेडकाच्या पिलांना थायरॉइड खाऊ घातली तेव्हा ती वेळेआधीच शेपूट टाकून माशीएवढी बेडके बनली, आणि पुढे १९१६ साली ॲलनने पिलांची ती ग्रंथीच काढून टाकली तेव्हा ती वाढत राहिली, पण बेडूक मात्र कधीच झाली नाहीत. अपुऱ्या थायरॉइडने जन्मलेल्या मानवी बालकात जे घडते त्याचे मूलतत्त्व ह्या तळ्यातल्या जिवात उघड दिसले: वाढ म्हणजे नुसते आकाराने मोठे होणे नव्हे, ठरलेल्या वेळी ठरलेले रूप धारण करणे होय.

परंतु सर्वांत बोलकी साक्ष मोंटाना प्रांतातील शेतकऱ्यांच्या गोठ्यांतून आली. तेथील खोऱ्यांत डुकरिणी दिवस भरून गेल्यानंतरही आठवडाभर विलंबाने वीत, आणि पिले जन्मत ती आकाराने चांगली भरलेली, पण अंगावर केस नसलेली, कातडी जाड आणि मान सुजलेली. बहुतेक मृत, आणि जी जिवंत ती काही तासांत मरत. काही शेतकऱ्यांचा हंगामच्या हंगाम बुडे. तेथील शेतकी प्रयोगकेंद्रातील स्मिथ आणि वेल्च ह्या दोघांनी पिलांच्या ग्रंथी तपासून त्यांत आयोडीन जवळजवळ नाही असे दाखवले आणि १९१७ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. विस्कॉन्सिनच्या हार्ट आणि स्टीनबॉक यांनीही पुढच्याच वर्षी तेच सिद्ध केले. गाभण डुकरिणीच्या खाद्यात चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड मिसळले की पिले केसाळ, धडधाकट जन्मत. त्या प्रबंधात एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते: आई स्वतः निरोगी दिसत होती. तिला काहीच झाले नव्हते. उणीव सारी गर्भाच्या वाट्याला आली होती. व्हॅलेच्या ज्या मातांना तीनशे वर्षे बोल लावला गेला, त्यांच्या निर्दोषत्वाचा पुरावा असा मोंटानाच्या गोठ्यात सापडला.

मेंढ्यांच्या, शेळ्यांच्या आणि घोड्यांच्या बाबतीतही पुढे असेच प्रकार नोंदले गेले. हिवाळ्यात कोबीच्या जातीचा चारा खाणाऱ्या न्यूझीलंडमधील मेंढ्यांची कोकरे गळ्याला गाठ घेऊन जन्मत, कारण त्या चाऱ्यातील काही द्रव्ये ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाहीत. मातीशी काही संबंध नसलेली आनुवंशिक उणीवही जनावरांत असते: दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकांडर गुरे, हॉलंडमधील शेळ्यांची एक जात, काही लहान जातींचे कुत्रे ह्यांच्यात ग्रंथी असूनही स्राव घडवणारे प्रथिन बिघडलेले असते.

मोंटानाच्या प्रबंधाच्या वर्षीच मरीनने किंबॉलला बरोबर घेऊन ओहायोतील ॲक्रन गावच्या शाळांत मुलींवर प्रयोग सुरू केला. वर्षातून दोनदा थोडे थोडे सोडियम आयोडाइड घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी ५ जणींची ग्रंथी वाढली. न घेणाऱ्या २,३०५ पैकी ४९५ जणींची. स्वित्झर्लंडात हुन्झिकर ह्याने १९१४ सालीच आयोडीनच्या उणिवेचा सिद्धान्त मांडला होता, आणि झेर्मटच्या वाटेवरील खोऱ्यातला डॉक्टर ओटो बायार्ड ह्याने १९१८ साली ग्रेखेन ह्या डोंगरावरच्या खेड्यात मिठात पोटॅशियम आयोडाइड मिसळून घरोघर वाटले. १९२२ साली आपेन्झेल औसररोडेन परगण्यात डॉक्टर एगेनबेर्गर ह्याच्या खटपटीने असे मीठ विक्रीस आले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय आयोगाने त्याची शिफारस केली. ह्या कामी एका जुन्या प्रशासकीय व्यवस्थेचा अनपेक्षित उपयोग झाला: स्वित्झर्लंडमध्ये मिठाचा मक्ता परगण्यांच्या सरकारांकडे असे, त्यामुळे एका फर्मानाने साऱ्या परगण्याचे मीठ बदलता येई. ज्या मक्त्याने शतकानुशतके गरिबांकडून महसूल गोळा केला, त्याच मक्त्याने त्यांच्या मुलांची बुद्धी राखली. पुढच्या पिढीत त्या खोऱ्यांत नवे क्रेटिन जन्मेनासे झाले, आणि जुन्या प्रवासवर्णनांतील ते उंबऱ्यावरचे दृश्य हळूहळू नाहीसे झाले.

आल्प्सच्या इतिहासाचा विस्तार एवढा करण्याचे कारण असे की त्याहून मोठा उणिवेचा मुलूख आपल्या देशाच्या उत्तर सीमेवर हिमालयाच्या पायथ्याशी पसरलेला आहे. शेवटच्या हिमयुगात हिमनद्यांनी जुनी माती खरवडून नेली, आणि उरलेल्या कोवळ्या मातीतले आयोडीन पाऊस आणि वितळते बर्फ धुऊन समुद्रात नेत राहिले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नद्यांच्या पाण्याचे गुणदोष सांगताना हिमालयातून निघणाऱ्या नद्यांचे पाणी गलगंड, म्हणजे गळ्याची गाठ, उत्पन्न करते असे म्हटले आहे. कारण सांगता आले नाही तरी मुलूख अचूक ओळखला होता. १८३५ साली जॉन मॅक्लेलंड ह्या वैद्याने कुमाऊंच्या गावागावांत गलगंडाची पाहणी करून त्याचे खापर चुनखडीच्या खडकावर फोडले. रॉबर्ट मॅकॅरिसन हा गिलगिटच्या एजन्सीतला तरुण शल्यवैद्य ह्या विषयाने झपाटला गेला. एकाच पाटाच्या पाण्यावर जगणाऱ्या गिलगिटच्या खेड्यांत वरच्या अंगाला गलगंड कमी आणि पाणी जसजसे खाली जाऊन गढूळ होते तसतसा अधिक, हे पाहून त्याने घाणीतील जंतू हे कारण मानले आणि त्याची परीक्षा घेण्यासाठी तो गाळ स्वतः प्याला आणि इतरांनाही पाजला. शेळ्यांवर आणि उंदरांवरही त्याने प्रयोग केले. १९०८ साली त्याने चित्राळ आणि गिलगिटमधील २०३ क्रेटिनांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात बहिरे-मुके आणि ताठर चालीचे मज्जाविकारी एका बाजूस, आणि सुजलेले, ठेंगणे दुसऱ्या बाजूस, असे जे दोन प्रकार त्याने वेगळे काढले ते आजही मान्य आहेत. त्याचा जंतूंचा सिद्धान्त मात्र मागे पडला.

दक्षिणेत कुन्नूर येथे मॅकॅरिसनने पोषणसंशोधनाची जी प्रयोगशाळा उभारली, तेथेच काम केलेल्या वुलिमिरी रामलिंगस्वामी यांनी १९५६ साली धौलाधारच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात एक लाखाच्या वस्तीवर जो प्रयोग आरंभला, त्याला जगाच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. खोऱ्याचे तीन भाग पाडले गेले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, एकाला आयोडाइडचे आणि दुसऱ्याला आयोडेटचे. मधल्या भागाला साधे मीठ. आरंभी तिन्हीकडे शाळकरी मुलांत गलगंडाचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास होते. १९६२ साली पुन्हा पाहणी केली तेव्हा आयोडीन मिळालेल्या भागांत ते १९ आणि १५ टक्क्यांवर उतरले, आणि मधल्या भागात ४० टक्के राहिले. त्यानंतर त्या मधल्या भागालाही आयोडीनचे मीठ देण्यात आले आणि तेथेही रोग उतरू लागला. त्या सहा वर्षांत मधल्या भागात ज्या बालकांचा जन्म झाला त्यांच्याविषयी मनात कालवाकालव झाल्याशिवाय राहत नाही. शास्त्राला तुलना हवी होती हे खरे, पण ती तुलना त्या मातांच्या पोटी वाढणाऱ्या जिवांनी पुरवली. ह्या प्रयोगाच्या पुढील प्रबंधांवर रामलिंगस्वामी आणि सूच यांच्याबरोबर देव आणि करमरकर ही मराठी माणसाच्या ओळखीची नावे आहेत. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि आयोडीन मिसळण्याचे आरंभीचे कारखाने सांभर सरोवराकाठी उभे राहिले.

येथे कोकणच्या वाचकांच्या मनात एक शंका येईल. आगरी बांधवांनी मिठागरात पिकवलेले खाडीचे मीठ जर समुद्रापासूनच होते, तर त्यात आयोडीन असणारच! दुर्दैवाने तसे नाही. समुद्राच्या पाण्यातच ते फार अल्प असते आणि वाफ्यात मीठ पिकेपर्यंत त्यातले फारसे काही शिल्लक राहत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला ते मिळते ते मासळीतून.

गलगंड हा डोळ्यांना दिसणारा असल्यामुळे सरकारी कार्यक्रमाची नजर बराच काळ गळ्यावरच खिळली. खरी हानी गर्भात होते. गर्भाची स्वतःची थायरॉइड तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस काम सुरू करते. तोवर त्याच्या मेंदूची जडणघडण सर्वस्वी आईच्या स्रावावर चालते, आणि आईजवळच आयोडीन नसेल तर ते नुकसान जन्मानंतर कोणतेही औषध भरून काढू शकत नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात १९६६ साली सुरू झालेल्या प्रयोगात, गर्भधारणेपूर्वीच स्त्रियांना आयोडीनयुक्त तेल टोचल्याने बालकांतील हे व्यंग टळते, हे सिद्ध झाले. भारतात कोचुपिल्लै, पंडव आणि गोडबोले प्रभृतींनी १९८० नंतर उत्तर प्रदेशाच्या तराईतील गोंडा आणि देवरिया जिल्ह्यांत नवजात बालकांच्या नाळेचे रक्त तपासले, तेव्हा जी मुले डोळ्यांना निरोगी दिसत होती त्यांच्यातही थायरॉइडची न्यूनता चिंताजनक प्रमाणात निघाली. क्रेटिन म्हणून ओळखू येणारा एक असतो. त्याच्यामागे थोडेसे मंद, शाळेत मागे पडणारे, आणि आपण मागे का पडतो हे कधीच न कळलेले असंख्य असतात.

नवजाताचे रक्त तपासण्याची ही युक्ती मुळात दुसऱ्याच उणिवेसाठी निघाली होती. ज्या मुलांत ग्रंथीच घडलेली नसते किंवा अस्थानी असते, अशी मुले कोणत्याही मुलखात सुमारे साडेतीन-चार हजारांत एक जन्मतात. क्वेबेकच्या ज्याँ द्युसो ह्याने १९७० नंतर टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या एका ठिपक्यातून ती ओळखण्याची रीत काढली. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थायरॉक्सिनची, म्हणजे ह्या ग्रंथीच्या स्रावाची, गोळी सुरू झाली तर असे मूल इतर मुलांसारखेच वाढते. मरेच्या काळातल्या वैद्यांनी हळहळून नोंदलेल्या त्या निरीक्षणाला येथे उत्तर मिळाले. मुंबईत डॉ. मीना देसाई यांनी ही तपासणी १९८० च्या दशकात हाती घेतली आणि सुमारे अडीच हजार नवजातांमागे एक असे प्रमाण त्यांना आढळले. गोव्याने २००८ साली राज्यभर नवजात तपासणी सुरू केली. महाराष्ट्रातील प्रत्येक प्रसूतिगृहात ती अजून होत नाही, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते.

१९८४ साली देशातील सर्व खाद्य मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण ठरले आणि पुढे साध्या मिठाच्या विक्रीवर बंदी आली. मिठाशी ह्या देशाची जी भावना निगडित आहे तिच्यामुळे सक्तीला विरोध झाला, आणि तो सर्वस्वी निराधार होता असे नाही, कारण बंदीचा भार लहान मिठागरवाल्यांवर पडत होता. २००० साली केंद्र सरकारने बंदी उठवली. २००५ साली ती पुन्हा जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी अंमलात आली. तेव्हाचा नियम असा होता की कारखान्यात दर दशलक्ष भागांत किमान ३० भाग आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडताना किमान १५ भाग आयोडीन असावे. मधली घट धरावीच लागते, कारण गुजरातच्या किनाऱ्यावरून निघालेले मीठ मालगाडीच्या वाघिणींतून आणि दमट गोदामांतून डोंगरी खेड्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यातले आयोडीन थोडे थोडे निघून जाते. आयोडाइडऐवजी अधिक टिकाऊ आयोडेट वापरण्याचे कारणही हेच. घरी आल्यावर ते झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून आणि ओलीपासून दूर ठेवले, तर ज्या घरात बाळंतपण व्हावयाचे आहे त्या घरातल्या गर्भापर्यंत पुरेसे आयोडीन पोहोचते.